अक्का आणि लोखंडी सदरेवाले

नोकरीत मी इतके सरपंच पाहिले, की आता लग्नपत्रिकेत कुणाच्या नावापुढं 'मा. सरपंच' दिसलं तरी माझं डोकं ठणकायला लागतं. मी ग्रामसेवक. गावात आम्हाला 'भाऊसाहेब' म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण नळाला पाणी आलं तर हार सरपंचाला आणि नाही आलं तर शिव्या भाऊसाहेबाला, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून बाई सरपंच असली की सही बाईची आणि खुर्ची नवऱ्याची, हे आपल्याकडं इतकं मुरलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

जळकोट तालुक्यातल्या त्या गावात बदलीवर गेलो (गावाचं नाव नको, गावं लगेच रागावतात), तेव्हा एप्रिलचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. ग्रामपंचायतीला कुलूप. शेजारच्या पिठाच्या गिरणीत विचारलं, "सरपंच कुठं भेटतील?"

गिरणीवाला पट्टा न थांबवताच ओरडला, "अक्काच्या दुकानात जावा. पिच्चर चालू हाय, मंजी हायतच."

दुकान किराणाचं. तराजूपाशी कपाळाला विभूती लावलेले एक शांत गृहस्थ साखर तोलत होते. मी हात जोडले. "नमस्कार सरपंच साहेब, मी नवीन ग्रामसेवक." त्यांनी साखरेचं माप उजवीकडं रोखलं. ते गुरुनाथअप्पा, दुकानाचे मालक. आणि मापाच्या टोकाला, तेलाच्या डब्यांच्या वर ठेवलेल्या टीव्हीकडं तोंड करून, शेंगांच्या पोत्यावर बसलेली पन्नाशीची ठसठशीत बाई म्हणजे महानंदाअक्का, त्यांची बायको आणि गावची सरपंच.

"या भाऊसाहेब, बसा," ती मान न वळवता म्हणाली. "थोडं थांबा. आता दार उघडणार हाय."

टीव्हीवर हिंदीत डब केलेला कुठलातरी परदेशी पिच्चर चालला होता. लोखंडी जाळीचे सदरे घातलेले दाढीवाले, चिखल, धुकं, एक दगडी किल्ला. बाहेर शत्रूचा वेढा, आत लोक उपाशी. त्यांचा म्हातारा सरदार उठतो, मोठ्या दाराचा अडसर स्वतःच्या हातानं काढतो आणि म्हणतो, ज्याला जायचंय त्यानं जावं, मी कुणाला शाप देणार नाही. मग एकेक शिपाई मान खाली घालून निघतो. म्हातारा दारात उभा. जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात भाकरीचा तुकडा देतोय.

आणि लाईट गेली.

"गेली का मेली!" अक्का काळ्या पडद्याकडं बघत राहिली. मग पहिल्यांदा माझ्याकडं वळून अगदी कळवळून विचारलं, "परत आले असतील का हो ते?"

मी रुजू होण्याचे कागद पुढं केले. म्हटलं, काय नशिबात वाढून ठेवलंय देव जाणे.

पुढं कळलं की अक्काला दुसरं काही बघायला आवडतच नाही. मालिका लावली की ती चॅनल बदलायची. "शिरेलीत सगळे दाराआडून ऐकतात अन् कानात बोलतात. आमच्या मुरुडला माहेरी तेच होतं, इथं तेच हाय, टीव्हीत आणखी तेच कशाला बघू?" लोखंडी सदरेवाल्यांचं तिला का पटायचं, तेही तिनं एकदा जिरे पाखडता पाखडता सांगितलं होतं. "ह्यांच्यात माणूस चार लोकांत उभा राहून शब्द देतो. मग बसून एवढंच बघायचं, पाळतो का न्हाई. बस. दुसरं काय लागतंय माणसाला?"

पण म्हणून ती भक्तिभावानं वगैरे बघायची म्हणाल, तर नाव नको. तोंडाचा पट्टा चालूच. "अय्यो, हे आंघोळ कवा करतात?" "ह्यांच्या बायका ह्यांना जेवायला वाढून न्हाईत राहिल्या का, एवढे वाळलेत!" "लोखंडाचा सदरा घालून एकदा आमच्या जळकोटला मे महिन्यात या मनावं, मग बघू शूरपणा." आणि घोड्यावरचा सरदार दिसला की हमखास एक वाक्य यायचं. "सरदार घोड्यावर कामून बसतो? दिसावा मनून. अन् दिसला की बाण आधी त्यालाच. ज्याला बाण नको त्यानं गाढवावर बसावं."

मी एकदा मुद्दाम डिवचलं. "अक्का, आपल्याकडं काय राजे कमी झाले का, म्हणून ह्या गोऱ्यांच्या मागं लागलात?"

"आपल्या राजांना मी देव्हाऱ्यात ठेवलंय," ती म्हणाली. "देव्हाऱ्यातल्याला चुकलास मनता येतंय का? ह्यांला येतंय. हे घाबरतात, पळून जातात, परत येतात. माझ्यासारखे हायत."

ग्रामपंचायतीत सरपंचाची फिरती खुर्ची होती, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. टॉवेल म्हणजे अधिकार. अक्कानं मी रुजू झालो त्याच दिवशी तो उचलला आणि शिपायाला विचारलं, "ह्याला घाम कुणाचा लागतो?" शिपाई म्हणाला, कुणाचाच नाही, असाच असतो. "मग नळाच्या टाकीवर चढणाऱ्याला द्या," आणि टॉवेल गेला तो गेलाच. माझ्या खुर्चीवरचा टॉवेलही त्याच दिवशी गेला. तेव्हा जीव चांगलाच चरफडला होता.

मी रुजू झालो आणि पंधरवड्यात गावात कोरोनाची लस आली. शाळेत नर्सबाई बर्फाचा डबा घेऊन बसलेली आणि समोर चिटपाखरू नाही. लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, असं कुणीतरी उठवलं होतं. अक्का दुकानातून तडक उठली, शाळेत जाऊन हात पुढं केला. "टोचा." संध्याकाळी ताप भरला. घरात झोपायचं, तर ही बया दुसऱ्या दिवशी भर उन्हात शाल आणि कानटोपी घालून दुकानाच्या पायरीवर बसली. दातावर दात वाजतायत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय, "मेले न्हाई. बघून घ्या. नीट बघा." लोक बिस्किटाचा पुडा घ्यायचं निमित्त काढून बघायला यायचे. अप्पांचा सगळा जुना माल संपला.

ताप उतरल्यावर ती सदस्यांच्या दारात गेली. आमच्या नऊ सदस्यांत सगळ्यांत थोरले दिगंबरकाका, अक्काच्याच पॅनेलचे. रानात नाग निघाला तर शेपटीला धरतील, पण सुईला भ्यायचे. कडबा रचायचं नाटक करत गंजीमागं दडले होते. अक्का म्हणाली, "काका, तुमच्या आधी मी बाण खाल्लाय. आता या." काका आले, डोळे घट्ट मिटून. त्यांच्या मागं अर्धं गाव आलं.

आता माधवरावांचं सांगायला पाहिजे. माधवराव म्हणजे गावचे जुने पुढारी आणि पंचायतीत विरोधी बाजूचे. अक्काच्या आधी सरपंचकी त्यांच्याच घरात पाणी भरायची. ओढ्यापलीकडच्या वस्तीचा स्मशानाकडं जायचा रस्ता सरकारी गायरानातून जायचा, त्यावर माधवरावांचा गोठा हळूहळू सरकत आला होता. पावसाळ्यात वस्तीतलं माणूस गेलं की गुडघाभर काळ्या चिखलातून तिरडी न्यावी लागायची. एकदा तर खांदेकरी घसरून पडले आणि त्यांच्याबरोबर तिरडीही. वस्तीतल्या बायकांचा आक्रोश ऐकून अक्कानं ग्रामसभेत, सगळ्यांसमोर उभं राहून शब्द दिला. "ही वाट मी मोकळी करीन. न्हाई झाली तर ह्या खुर्चीत बसायची न्हाई."

मी मनात म्हटलं, आता बसा बोंबलत.

आणि नेमके त्याच महिन्यात माधवराव मोटारसायकलवरून पडले. पाय मोडला, नांदेडला दवाखान्यात. अक्काचे सदस्य हर्षानं फुलून गेले. "अक्का, हीच वेळ हाय. गोठा काढून टाकू, ओरडायला कुणी न्हाई."

"पडलेल्यावर हत्यार चालवायचं न्हाई," अक्का म्हणाली. "आधी उठू द्या त्यांला."

ती एसटीनं नांदेडला गेली, माधवरावांना धपाटे आणि दही देऊन आली. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पुढं माधवराव घरी आले, काठी टेकत का होईना पण चावडीपर्यंत चालत गेले. त्याच दुपारी अक्का माझ्या टेबलासमोर हजर.

"भाऊसाहेब, माधवराव चालून राहिले बगा. काढा नोटीस."

"अहो अक्का, आजच? माणूस आत्ता कुठं बरा झालाय."

"मनूनच. आता लढाई बरोबरीची हाय."

नोटीस हातात पडल्यावर माधवराव चावडीवर गरजले ते अजून माझ्या कानात आहे. "दवाखान्यात धपाटे घेऊन येती अन् घरी आल्यावर नोटीस पाठवती! ही बाई हाय का कोण हाय?" आणि आठवडा व्हायच्या आत तहसीलला अविश्वास ठरावाचा अर्ज गेला. अक्काला खाली खेचायचं, म्हणजे वाटेचा विषयच संपला.

हिशेब सोपा होता. बाई सरपंचाला काढायचं तर नऊपैकी सात हात वर व्हायला लागतात. माधवरावांकडं स्वतःसकट तीन. अक्काच्या पॅनेलमधले चार फुटले की काम फत्ते.

आमच्याकडं अविश्वास ठराव आला की सदस्यांना एकदम सहलीला जावंसं वाटतं. ज्यानं जन्मात तुळजापूरच्या पुढं काही पाहिलेलं नसतं, तो थेट समुद्रात पाय बुडवून बसतो. जो आधी जीप लावील त्याचे सदस्य. आणि सहलीला निघण्यापूर्वी बेल-भंडारा. ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा, तो उचलून शपथ घ्यायची की फुटणार नाही. एकदा उचलला की माणूस बांधला गेला. हे सगळ्या गावाला पाठ असतं, मलाही होतं. म्हणून मीच अक्काला म्हणालो, "आजच जीप सांगा."

दुपारी सदस्य दुकानात जमले. दिगंबरकाकांनी तर ताट घरूनच आणलं होतं, धोतराच्या सोग्याखाली झाकून. "अक्का, आम्हाला उचलायला लावा," ते म्हणाले. "आमच्याबी जिवाला घोर न्हाई मग. माणसाचं मन हाय, फिरतंय."

अक्का ताटाकडं बघत बसली. अप्पांनी तराजू थांबवला.

"काका," ती म्हणाली, "दावणीला बांधलेलं जनावर जागेवर राहतंय, पण त्याला कुणी इमानी मनत न्हाई." आणि स्वतःच पदर खोचून तिनं बेल-भंडारा उचलला. "मी उचलते. माझ्याविरुद्ध जो हात वर करील त्याच्या घरचं काम मी अडवणार न्हाई. त्याच्याशी बोलणं सोडणार न्हाई. त्याला गद्दार मनणार न्हाई अन् कुणाला मनू देणार न्हाई. मी कुणाला उचलून नेणार न्हाई. ज्याला जायचंय त्यानं जावं. दार उघडं हाय."

मी कपाळावर हात मारला. झालं! कल्याण! अहो, राजकारणात शपथ घालायची असते, घ्यायची नसते.

सकाळी बातमी आली. चारजण गेले. माधवरावांची जीप ओढ्यापाशी उभी होती, त्यात बसून गेले. त्यात दिगंबरकाकाही होते. फोन बंद. कुणी म्हणे हैदराबाद, कुणी म्हणे नांदेडच्या पुढचं कुठलंतरी लॉज. अक्काजवळ उरला एक सदस्य, आणि तोही लेक बाळंतपणाला आली होती म्हणून.

ठरावाच्या आदल्या संध्याकाळी मी सभेचे कागद घेऊन दुकानात गेलो. टीव्ही बंद होता. अक्का शेंगा फोडत होती आणि फोडलेले दाणे टरफलांत टाकत होती. अप्पा ते गुपचूप वेचून डब्यात भरत होते.

"घाबरलात?" मी विचारलं.

"घाबरले की. दाणे कुठं टाकते बगा." तिनं टरफलांचा ढीग पुढं ढकलला. "खुर्ची गेली तर जाऊ दे भाऊसाहेब. पण त्या वस्तीतल्या बायकांना काय सांगू? चार लोकांत बोलले होते मी."

मला राग अनावर झाला. "मग कशाला केलंत हे? जीप सांगा म्हणालो तर ऐकलं नाही. कुणी शिकवलं हे दार उघडं ठेवायला?"

"त्या म्हाताऱ्यानं न्हाई का ठेवलं? तुम्ही आलाव त्या दिवशी."

"अक्का, तो पिच्चर होता! तिथं डायरेक्टर असतो, इथं तहसीलदार येणार आहेत. आणि काय झालं शेवटी त्या म्हाताऱ्याचं? आले का ते परत?"

अक्कानं माझ्याकडं नवलानं पाहिलं. "मला काय म्हाईत? लाईट गेली होती. तुम्हीबी होताव की."

"म्हणजे शेवट ठाऊक नसताना तुम्ही..."

"ठाऊक असता तर त्यात काय मोठेपण?" ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला तरी कुठं ठाऊक होता?"

दुसऱ्या दिवशी पंचायतीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तीतल्या बायका ओट्याखाली येऊन बसल्या होत्या. जीप आली, चौघं उतरले. चौघांच्या अंगात एकाच ताग्यातले नवे शर्ट. कुणी अक्काकडं बघेना. अक्का तिच्या त्या बिनटॉवेलच्या खुर्चीत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेली.

तहसीलदारांनी ठराव वाचला. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

माधवरावांचे तीन हात झटक्यात वर गेले. मग नव्या शर्टांतला एक, खाली मान घालून. दुसरा. तिसरा. सहा. दिगंबरकाकांचा हात उठला, खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला आणि तिथंच घुटमळला. तहसीलदार चष्म्यावरून बघत राहिले.

"काका, हात वर आहे का?"

"न्हाई साहेब," दिगंबरकाका म्हणाले. "डोकं खाजवून राहिलो."

बाहेर कुणीतरी फस्सकन हसलं. माधवराव काठी आपटत उभे राहिले. "काका! काय ठरलं होतं आपलं?"

"ठरलं होतं माधवराव. पण अक्कानं दार उघडं ठेवलं अन् तुम्ही लॉजला बाहेरून कडी लावली. ह्या वयात लघवीला जायाचं तर मला दार वाजवावं लागलं. कडी लावायची माणसं आम्ही हाव का?" आणि काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले, जणू ते पुन्हा आपल्या मनानं वर जातील अशी भीती वाटत होती.

ते बघून दुसऱ्या एका नव्या शर्टानं हात खाली घेतला. "साहेब, माझाबी काढा." तहसीलदार वैतागले. "एकदा मोजला तो मोजला. सहा. ठराव नामंजूर."

बाहेर जो गलका झाला तो झाला. कुणीतरी गुलालाची पिशवी फोडायला लागलं. अक्का खिडकीतून कडाडली, "गुलाल न्हाई! ही माणसं ह्याच गावात राहणार हायत. घरला तोंड कसं घेऊन जातील?" पिशवी तशीच बांधली गेली.

सगळे पांगल्यावर तिनं मांडीवरची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. सरपंचाचा शिक्का, कपाटाच्या किल्ल्या, तिचा चहाचा कप. "देऊन टाकायला आणलं होतं," ती म्हणाली. "ठेवा परत कपाटात." आणि मग ती फरशीवर फतकल मारून बसली. हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडली. अप्पा दारात उभे होते. ते जन्मात पहिल्यांदा पंचायतीत आले होते, तेही उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. "घरी चल," एवढंच म्हणाले. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. मीही डोळे पुसले, उगाच कशाला लपवू.

त्याच संध्याकाळी चौघं दुकानात आले, शर्ट बदलून. अक्कानं चहा ठेवला आणि शेंगांच्या भावाचा विषय काढला. चौघांपैकी ज्यांचे हात वर गेले होते, त्यांची घरकुलं पुढं इतरांसारखीच यादीत आली. ठराव पडला तरी नोटीस उभीच होती; माधवरावांनी गोठा आठवड्याभरानं स्वतःच हलवला, शिव्या देत, पण हलवला. पुढच्या पावसाच्या आत वाटेवर मुरूम पडला.

नंतर माझी बदली झाली, आता मी माझ्या गावाकडं, बिलोलीत आहे. मध्यंतरी उदगीरला एका लग्नाला जाताना त्या गावाच्या फाट्यावर एसटी चहापाण्याला थांबली, म्हणून धावतपळत दुकानात डोकावलो. अक्काची मुदत कधीच संपलीय. तराजूपाशी अप्पा. शेंगांच्या पोत्यावर दिगंबरकाका. आणि त्यांच्या शेजारी, काठी मांडीवर आडवी धरून, चक्क माधवराव! टीव्हीवर चिखल, धुकं, दगडी किल्ला. म्हातारा सरदार दाराचा अडसर काढत होता.

"अक्का!" मी ओरडलो. "अहो, तोच पिच्चर!"

"तोच हाय," अक्का म्हणाली. "बसा, लाईट बी हाय आज."

शिपाई निघून गेले. म्हातारा एकटा दारात उभा राहिला. माधवरावांनी काठी घट्ट धरली. पहाट व्हायला लागली, लांब धुक्यात काहीतरी हललं, आणि तेवढ्यात वस्तीतली एक म्हातारी अर्धा किलो गूळ मागत दारात आली. अक्का उठली. टीव्हीकडं पाठ करून ढेप फोडायला लागली.

"अक्का, अहो शेवट आला! बघा की!"

"तुम्ही बगा भाऊसाहेब. मला गिऱ्हाईक हाय."

तिनं गूळ तोलला, वर एक खडा जास्तीचा टाकला, म्हातारीच्या पदरात नीट बांधून दिला आणि तिला पायरी उतरायला हात दिला. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी पळालो. जागेवर बसून घाम पुसला, तेव्हा कुठं ध्यानात आलं की टीव्हीकडं बघायचं मीही विसरलो होतो.